जहाजे भरपूर, तरी माल अडलेला

मार्च २०१६ मध्ये शांघायहून उत्तर युरोपला एक वीस फुटी कंटेनर पाठवण्याचा हजर बाजारातला भाव २०० डॉलरच्या आसपास घसरला होता. एवढ्यात जहाजाचे इंधनही सुटत नाही, अशी शिपिंग कंपन्यांची ओरड होती. जानेवारी २०२२ मध्ये त्याच मार्गावर त्याच मापाच्या डब्याला साडेसात हजार डॉलरहून जास्त मोजावे लागत होते. मधल्या सहा वर्षांत समुद्र लांबला नव्हता आणि जहाजे कमी झाली नव्हती. उलट ती वाढलीच होती. तरीही ज्याला माल पाठवायचा होता, त्याला जागा मिळत नव्हती. जगाच्या पुरवठा साखळीला गेल्या दहा वर्षांत बसलेल्या धक्क्यांचा आढावा या विसंगतीपासून सुरू करावा लागतो.

जगाच्या व्यापाराचा, वजनाने मोजला तर, ८० टक्क्यांहून अधिक भाग समुद्रमार्गे जातो. तेल, कोळसा, धान्य यांची जहाजे वेगळी. कपडे, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, फ्रिज, द्राक्षे असा माल कंटेनरमधून जातो. कंटेनर जहाजांची क्षमता ‘टीईयू’मध्ये, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने मोजतात. २०२४ मध्ये जगातल्या ताफ्याने तीन कोटी टीईयूचा टप्पा ओलांडला. आकडा प्रचंड असला तरी त्यावर विसंबता येत नाही. एका वेळी पाण्यावर किती डबे मावतील एवढेच तो सांगतो. वर्षभरात किती डबे मुक्कामाला पोहोचतील, हे जहाजांच्या फेऱ्यांवर ठरते.

एसटीचे उदाहरण घ्यावे. घाट बंद झाला आणि गाडीला लांबचा वळसा पडला, तर पूर्वीच्याच वेळापत्रकाने गाड्या सोडण्यासाठी आगाराला जादा गाड्या काढाव्या लागतात. प्रवासी तेवढेच, गाड्या मात्र जास्त. आशिया ते उत्तर युरोप आणि परत ही फेरी सुएझमार्गे साधारण बारा आठवड्यांची असते. दर आठवड्याला एक जहाज सोडायचे तर त्या मार्गावर बारा जहाजे लागतात. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला की हीच फेरी चौदा आठवड्यांवर जाते, आणि तीच साप्ताहिक सेवा टिकवायला चौदा जहाजे लागतात. वरची दोन जहाजे एकही जादा डबा नेत नाहीत, त्यांची सगळी ताकद अंतर कापण्यात खर्च होते. बंदराबाहेर आठवडाभर नांगर टाकून थांबावे लागले तरी परिणाम हाच. म्हणून संकटाच्या काळात तुटवडा पडतो तो दिवसांचा, धक्क्यांचा, यार्डातल्या जागेचा आणि हव्या त्या बंदरात हव्या त्या वेळी असलेल्या रिकाम्या डब्यांचा. या सगळ्यात पूर्वी थोडी सैल जागा असे. स्वस्ताईच्या ओढीने ती आवळली गेली, आणि तिची किंमत ज्यांना मोजावी लागते त्यांचा त्या निर्णयात काडीचाही वाटा नव्हता.

हे आवळणे एका दिवसात झालेले नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ५८ डबे घेऊन ह्यूस्टनला निघाले. माल्कम मॅक्लीन या ट्रकवाहतूकदाराची ही कल्पना. सुटा माल हमालांकरवी जहाजात चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर लागत, डब्यांच्या पद्धतीने तो खर्च १६ सेंटच्या आत आला. त्यानंतर हिशेब सोपा झाला. जितके मोठे जहाज, तितका डब्यामागचा खर्च कमी. २००६ मध्ये आलेले ‘एमा मर्स्क’ सुमारे १५,००० टीईयूचे होते, २०२३ मध्ये उतरलेले ‘एमएससी इरिना’ २४,३४६ टीईयूचे. इतकी मोठी जहाजे घेऊ शकतील अशी खोल बंदरे आणि उंच क्रेन जगात मोजक्याच ठिकाणी आहेत. असे एक जहाज धक्क्याला लागले की हजारो डबे एकाच वेळी यार्डात उतरतात. पुढचे ट्रक, रेल्वेच्या वाघिणी आणि गोदामे मात्र त्या प्रमाणात वाढलेली नसतात. बचत जहाज कंपनीच्या खात्यात आणि गर्दी बंदराच्या माथी, अशी ही वाटणी झाली.

मोठ्या जहाजांच्या या चढाओढीचा परिणाम २०१६ मध्ये दिसला. भाव रसातळाला गेलेले असताना ३१ ऑगस्टला दक्षिण कोरियाच्या हानजिन या जगातल्या सातव्या क्रमांकाच्या कंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितले. आपले पैसे मिळतील याची खात्री नसल्याने अनेक बंदरांनी तिच्या जहाजांना धक्का देणे नाकारले. सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल समुद्रावर अडकून पडला. पुढच्या दोन वर्षांत उरलेल्या कंपन्यांनी एकमेकींना गिळले किंवा जवळ केले. मर्स्कने हांबुर्ग स्यूद घेतली, हापाग-लॉइडने युनायटेड अरब शिपिंग घेतली, आणि जपानच्या तीन कंपन्या एकत्र येऊन एप्रिल २०१८ पासून ‘वन’ या नावाने चालू लागल्या. आज जगातल्या कंटेनर क्षमतेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग पहिल्या दहा कंपन्यांच्या हातात आहे, आणि त्यांतल्याही बहुतेक कंपन्या आपापसातल्या आघाड्यांमधून एकमेकींच्या जहाजांवर जागा वाटून घेतात. मागणी घसरताना दिसली की ठरलेल्या फेऱ्या रद्द करायच्या, व्यवहाराच्या भाषेत ‘ब्लँक सेलिंग’, हे त्यांना आता सहज जमते.

त्यात कोविड आला. २०२० च्या पहिल्या सहामाहीत कंपन्यांनी धडाधड फेऱ्या रद्द केल्या. त्यांचा अंदाज होता की मागणी बसेल. घरात अडकलेल्या अमेरिकनांनी मात्र सहली आणि हॉटेलांवरचा पैसा फर्निचर, व्यायामाची यंत्रे आणि टीव्हीकडे वळवला. माल चीनहून निघाला आणि लॉस एंजेलिस-लाँग बीचच्या दारात तुंबला. जानेवारी २०२२ मध्ये त्या दोन बंदरांसमोर शंभराहून अधिक जहाजे खोळंबली होती. धक्क्यावर माणसे कमी, यार्डात जागा नाही, डबे वाहणाऱ्या चॅसी परतत नाहीत, गोदामे भरलेली. इकडे चीनमध्ये एका कामगाराला कोविड झाला म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये निंगबो बंदरातले एक टर्मिनल सुमारे दोन आठवडे बंद राहिले. त्याआधी यान्तिअन बंदराचे कामकाज जवळजवळ महिनाभर मंदावले होते. वेळेवर पोहोचणाऱ्या जहाजांचे प्रमाण २०२२ च्या सुरुवातीला ३० टक्क्यांच्या आसपास उतरले. जगातल्या एकूण क्षमतेपैकी दहा टक्क्यांहून जास्त भाग नुसत्या खोळंब्यात अडकल्याचा अंदाज त्या काळात निघाला. जहाजे होती, पण ती रांगेत उभी होती.

या काळात रिकाम्या डब्यांनी जो अन्याय केला, त्याची चर्चा कमी झाली. चीनहून अमेरिकेला जाणाऱ्या भरल्या डब्याला इतका भाव मिळत होता की परतीला माल भरण्यासाठी चार दिवस थांबणेही कंपन्यांना परवडेना. कॅलिफोर्नियाचा बदाम गोदामात पडून राहिला आणि डबे रिकामेच चीनला परतले. भारतातही २०२०-२१ मध्ये निर्यातदारांना डबे मिळेनात, आणि मिळाले तरी नोंदवलेला माल पुढच्या जहाजावर ढकलला जाई. जगातले बहुतेक सगळे नवे कंटेनर चीनमध्ये बनतात. त्यामुळे डब्यांची टंचाई पडली तर ती सोडवण्याची किल्ली एकाच देशाकडे राहते.

आणि कंपन्यांचे काय झाले? मर्स्कने २०२२ मध्ये व्याज व करापूर्वी सुमारे ३१ अब्ज डॉलर नफा कमावला. एवढे पैसे या धंद्याने कधी पाहिले नव्हते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या त्याच वर्षीच्या अभ्यासानुसार, जहाजभाडे दुप्पट झाले की महागाई सुमारे ०.७ टक्के बिंदूंनी वाढते, आणि आयातीवर जगणाऱ्या छोट्या देशांना त्याची झळ अधिक बसते. अमेरिकेने जून २०२२ मध्ये कायदा करून कंपन्यांना निर्यातीचा माल विनाकारण नाकारण्यास बंदी घातली. युरोपीय संघाने आघाड्यांना स्पर्धा कायद्यातून दिलेली सवलत एप्रिल २०२४ मध्ये संपू दिली. दोन्ही निर्णय योग्य होते, पण ते आले तेव्हा भावांचे शिखर मागे पडले होते.

कोविडमध्ये बंदरे तुंबली होती. नंतरची संकटे समुद्रातल्या अरुंद वाटांवर आली. त्याची चुणूक २३ मार्च २०२१ रोजी मिळाली होती. ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस हलले नाही. दोन्ही तोंडांना मिळून सुमारे ४०० जहाजे खोळंबली. जहाज सुटल्यावरही भरपाईच्या वादात ते जुलैपर्यंत कालव्याच्या तळ्यात अडवून ठेवले गेले. त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. चूक कोणाचीही असो, जहाज जप्त होते तेव्हा त्यावरच्या माणसांचे आयुष्यही त्याच्याबरोबर थांबते.

पनामा कालव्याची अडचण वेगळी होती, पाऊस पडला नाही. तो कालवा गातून तळ्याच्या गोड्या पाण्यावर चालतो, आणि एका जहाजाच्या पारगमनाला सुमारे २० कोटी लिटर पाणी खर्ची पडते. त्याच तळ्यातून लाखो लोकांचे पिण्याचे पाणी येते. २०२३ च्या दुष्काळात रोजची ३६ च्या आसपास असलेली जहाजे डिसेंबरपर्यंत २२ वर आणावी लागली. रांग टाळून आधी जाण्याचा एक क्रमांक नोव्हेंबरमध्ये लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलरला गेला. नियमित वेळापत्रकाच्या कंटेनर जहाजांनी जागा आधीच राखलेल्या होत्या, त्यामुळे जास्त फटका धान्य आणि गॅसच्या जहाजांना बसला.

पनामाचे पाणी उतरत असतानाच तांबडा समुद्र पेटला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी गाझातल्या युद्धाचे कारण देत हेलिकॉप्टरने उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारी वाहणारे जहाज ताब्यात घेतले. ते तुर्कस्तानहून गुजरातमधल्या पिपावावकडे निघाले होते. त्यावरच्या पंचवीस जणांची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडले. जहाजांवरचे हल्ले चालूच राहिल्याने डिसेंबर २०२३ च्या मध्यापासून मर्स्क, एमएससी, हापाग-लॉइड, सीएमए सीजीएम या कंपन्यांनी जहाजे केप ऑफ गुड होपकडे वळवली. एका बाजूच्या प्रवासात सुमारे साडेतीन हजार सागरी मैलांची आणि दहा ते चौदा दिवसांची भर पडली. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला तेव्हा मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले होते आणि मुंबईच्या व्यापाराचा नकाशा बदलला होता. दीडशे वर्षांनी माल पुन्हा जुन्या वाटेने जाऊ लागला. हे प्रथमच घडले असेही नाही. १९६७ च्या युद्धानंतर कालवा आठ वर्षे, जून १९७५ पर्यंत, बंद होता.

नाशिककरांना या वळशाचा अर्थ जानेवारी ते एप्रिल २०२४ मध्ये कळला. निफाड-दिंडोरीच्या निर्यातक्षम द्राक्षांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नेदरलँड्स आहे, तिथून ती उरलेल्या युरोपात जातात. मणी एका आकाराचे, साखर ठरलेली, औषधांचे अंश मर्यादेत, असा माल पॅकहाउसमध्ये प्री-कूलिंग करून, पेटीत द्राक्षे टिकवणारा ग्रेप गार्डचा कागद घालून रीफर, म्हणजे शीत कंटेनरमध्ये चढतो आणि कसारा घाट उतरून न्हावा शेवाला येतो. सुएझमार्गे साधारण तीन आठवड्यांचा असणारा प्रवास पाच आठवड्यांच्या घरात गेला. तापमान शून्याच्या आसपास राखले तरी द्राक्षाचे आयुष्य ठरलेले असते. देठ सुकतो, तपकिरी पडतो, मणी गळतात. भाव बहुधा तिथे पोहोचल्यावरच्या दर्जावर ठरतो, त्यामुळे भाडेही वाढलेले आणि भावही पडलेला, असा दुहेरी मार बागायतदारापर्यंत येतो. एलईडी टीव्हीला दोन आठवडे उशीर झाला तर व्यापाऱ्याचे व्याज जाते, द्राक्षाला झाला तर वर्षभराचे कष्ट जातात. मालवाहतुकीच्या जागतिक निर्देशांकांत हा फरक कुठे दिसत नाही.

समुद्रावरच्या माणसांनी मोजलेली किंमत त्याहून मोठी आहे. जगातल्या दर दहा खलाशांमागे साधारण एक भारतीय आहे, आणि कोकणातल्या कित्येक घरांत बोटीवरची नोकरी पिढ्यांची. कोविडच्या काळात करार संपूनही जहाजावरच अडकलेल्या खलाशांची संख्या एका टप्प्यावर चार लाखांवर गेली होती, आणि त्यांतले काही दीड वर्षाच्या आसपास जमिनीवर उतरले नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरला क्षेपणास्त्राने आग लागली. त्यावर २२ भारतीय होते, आणि विझवायला भारतीय नौदलाची ‘आयएनएस विशाखापट्टणम’ धावली. मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी ठार झाले, उरलेल्यांना ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले. या दोन्ही युद्धनौका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. साऱ्यांचे लक्ष हूथींकडे असताना सोमाली चाचेही पुन्हा डोके वर काढू लागले. ‘रुएन’ हे जहाज सोडवून नौदलाने ३५ चाच्यांना २३ मार्च २०२४ रोजी मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. त्यानंतर तीन दिवसांनी, २६ मार्चला, बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ हे जहाज पुलावर आदळून सहा कामगार दगावले, आणि बहुतांशी भारतीय असलेले त्यावरचे खलाशी चौकशीसाठी पुढे कित्येक आठवडे जहाजावरच राहिले.

वळशाचे पडसाद दूरवर उमटले. वेळापत्रक कोलमडल्याने जहाजे घोळक्याने बंदरांत येऊ लागली. मे-जून २०२४ मध्ये सिंगापूरला धक्का मिळायला आठवड्यापर्यंत थांबावे लागत होते, आणि तिथल्या प्रशासनाने केपेलचे जुने, वापरातून काढलेले धक्के पुन्हा उघडले. इजिप्तचे कालव्याचे उत्पन्न २०२३ मधल्या दहा अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये चार अब्जांवर आले. भाडी पुन्हा चढली, तरी २०२२ च्या शिखराला पोहोचली नाहीत. कोविडमधल्या नफ्यातून मागवलेली नवी जहाजे नेमकी याच वेळी पाण्यात उतरत होती आणि वळशाने त्यांना काम मिळाले. तांबड्या समुद्राचे संकट आले नसते, तर २०२४ मध्ये या धंद्यात मंदीच आली असती.

या चित्रात भारत कुठे बसतो? न्हावा शेवाने २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणला ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथे सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली आहे आणि ठरवलेली क्षमता २.३२ कोटी टीईयूची. केरळच्या विळिंजममध्येही मोठी जहाजे लागू लागली आहेत. आजवर कोलंबो, सिंगापूर, क्लांगला होणारी आपल्या डब्यांची अदलाबदल देशात व्हावी, हा उद्देश रास्त आहे, कारण त्या बंदरांतला खोळंबा आपल्या निर्यातदाराच्या हातात नसतो. पण डहाणू-पालघरच्या मच्छीमारांनी दोन पिढ्या या बंदराला केलेला विरोध न्यायालयीन निकालाने विरून जात नाही. समुद्रात भराव पडणार तो त्यांच्या मासेमारीच्या पट्ट्यात. पुनर्वसनाचे वचन तिथे आधी पूर्ण व्हायला हवे, धक्का नंतर.

बंदरे वाढली तरी जहाजे कोणाची, हा प्रश्न उरतोच. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन उभी केली. ५ एप्रिलला कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, आणि ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाचा जीव घ्यायचा प्रयत्न केला. राष्ट्रीय सागरी दिन तोच. शंभर वर्षांनंतर भारताच्या परदेशी व्यापारात भारतीय जहाजांचा वाटा जेमतेम पाच टक्के असल्याचे पंतप्रधानांनीच सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला सांगितले. परदेशी कंपन्यांना वर्षाला सुमारे ७५ अब्ज डॉलर भाडे जाते, असेही ते म्हणाले. पाठोपाठ जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर झाली. तिच्यातून कंटेनर जहाजे तयार होऊन नियमित मार्गांवर लागायला बरीच वर्षे जातील. तोवर आपल्या झेंड्याखालची कंटेनर जहाजे मोजकीच राहतील.

ऑक्टोबर २०२५ मधल्या गाझा शस्त्रसंधीनंतर कंपन्या सुएझकडे परतण्याची चाचपणी करू लागल्या. हे परतणेही सुखाचे असेल असे नाही. केपवरून निघालेली जहाजे आणि सुएझमार्गे लवकर पोहोचलेली जहाजे युरोपच्या बंदरांत एकाच सुमारास येऊन थडकतील, आणि काही आठवडे रॉटरडॅम, अँटवर्पला तुंबारा होईल. तो निवळला की वळशात गुंतलेली क्षमता मोकळी होईल. त्यात मागणी नोंदवलेल्या नव्या जहाजांची क्षमता २०२५ मध्ये चालू ताफ्याच्या सुमारे ३० टक्के होती. भाडी कोसळतील, मग कंपन्या फेऱ्या रद्द करतील, जहाजे संथ चालवतील आणि कमी नफ्याची बंदरे वेळापत्रकातून गाळतील. भारतीय निर्यातदारांच्या संघटनांनी जागेची आणि रीफर डब्यांची हमी असलेले दोन-तीन वर्षांचे करार याच काळात मागायला हवेत, आणि ठरल्या जहाजावर माल न चढवल्यास कंपनीने भरपाई द्यायची अट त्यात घालून घ्यायला हवी. डेकवर जागा रिकामी असते तेव्हा कंपन्या अशा अटी ऐकून घेतात.